मिट्झ्वा दिन

मिट्झ्वा दिन हा ज्यू (यहुदी) समाजाच्या सिनेगॉगांतून पाळला जाणारा सामूहिक लोकसेवेचा दिवस आहे. वर्षातून एका ठरलेल्या दिवशी, बहुधा रविवारी, सिनेगॉगचे सभासद लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत आपापल्या शक्तीप्रमाणे परिसरातील गरजूंसाठी, सेवासंस्थांसाठी किंवा सार्वजनिक जागांसाठी प्रत्यक्ष काम करतात. ज्यू पंचांगातील पारंपरिक सणांमध्ये या दिवसाचा समावेश नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो अमेरिकेतील सिनेगॉगांतून रूढ झाला व पुढे ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आदी देशांत पसरला. प्रथा नवी असली तरी तिच्यामागील धर्मविचार फार जुना आहे.

शब्दाचा अर्थ

‘मिट्झ्वा’ या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ ‘आज्ञा’ असा आहे. ज्यू परंपरेनुसार तोराहमध्ये एकूण ६१३ आज्ञा असून त्यांपैकी २४८ विधिरूप व ३६५ निषेधरूप आहेत. बोलीभाषेत मात्र हा शब्द ‘सत्कृत्य’ या सैल अर्थानेही वापरला जातो. मराठीत त्याचे भाषांतर ‘पुण्यकर्म’ असे करण्याचा मोह होतो, पण ते पुरेसे नेमके नाही. पुण्य जोडले जाते, ते गाठीशी राहते. मिट्झ्वा हे मुळात देणे आहे. ते करणाऱ्याने काही विशेष केले असे मानले जात नाही, न करणाऱ्याकडे मात्र ते थकलेले राहते. ‘विहित कर्म’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो.

दानासाठी हिब्रूत ‘त्झेदाका’ हा शब्द आहे व त्याचे मूळ ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दात आहे. शेताची कड न कापता गरिबांसाठी राखावी आणि कापणीत गळालेली कणसे शेतकऱ्याने मागे फिरून वेचू नयेत, असे तोराह सांगते. ती कणसे गरिबांच्या हक्काची असतात. मालकाच्या औदार्याचा तेथे प्रश्न येत नाही. बायबलमधील रूथची कथा याच प्रथेभोवती गुंफलेली आहे.

मिट्झ्वा दिनाचा खरा आधार मात्र ‘गेमिलुत हसादीम’, म्हणजे प्रेमपूर्वक केलेली सेवा, या दुसऱ्या कल्पनेत सापडतो. तालमूदमध्ये ही सेवा तीन कारणांनी दानापेक्षा श्रेष्ठ ठरवली आहे. दान पैशाने होते, सेवा पैशाने व देहानेही होते; दान गरिबालाच करता येते, सेवा गरीब व श्रीमंत दोघांची करता येते; दान जिवंतांना दिले जाते, सेवा जिवंतांची व मृतांचीही होते. आजारी श्रीमंताची विचारपूस करणे किंवा बेवारस प्रेताला मूठमाती देणे हे दानात बसत नाही, सेवेत बसते. मराठीतील ‘श्रमदान’ हा शब्द या कल्पनेच्या एका अंगाला स्पर्श करतो.

इतिहास

अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांतील सिनेगॉगांनी असे दिवस स्वतंत्रपणे सुरू केले, त्यामुळे या प्रथेला एकच संस्थापक नाही. त्यांतील विशेष गाजलेले उदाहरण लॉस एंजेलिसमधील ‘टेंपल इस्रायल ऑफ हॉलिवूड’ या सिनेगॉगचे. तेथे १९९९ मध्ये सुमारे तीनशे स्वयंसेवकांनिशी मिट्झ्वा दिन सुरू झाला. पुढे तो सर्व धर्मांच्या लोकांना खुला झाला, ‘बिग संडे’ या नावाने सिनेगॉगबाहेर पडला आणि त्याची स्वतंत्र संस्था झाली. प्रत्येकाला दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडता येते, ही तिची भूमिका आहे. त्यामुळे एरवी ज्यांना मदत दिली जाते, त्या निवाराकेंद्रांतील रहिवाशांनाही येथे स्वयंसेवक म्हणून काम मिळते.

ही भूमिका आधुनिक वाटली तरी तिला जुना आधार आहे. जो स्वतः त्झेदाकावर जगतो, त्यानेही त्झेदाका दिली पाहिजे, असे तालमूद सांगते व मध्ययुगीन धर्मपंडित मायमोनिडीस (निधन १२०४) यानेही तो नियम मान्य केला आहे. गरिबाकडून दान मागणे वरवर कठोर वाटते. परंतु देण्याचे कर्तव्य ज्याच्याकडून काढून घेतले, तो समाजात केवळ घेणारा म्हणून उरतो. कर्तव्य शाबूत ठेवल्याने त्याचे समान स्थानही शाबूत राहते.

ब्रिटनमध्ये लॉरा मार्क्स यांनी लॉस एंजेलिसमधील उपक्रमापासून प्रेरणा घेऊन २००५ मध्ये लंडनमधील आपल्या सिनेगॉगमध्ये हा दिवस सुरू केला. काही वर्षांतच तो देशव्यापी झाला. नोव्हेंबरमधील एका रविवारी तो पाळला जातो. या दिवशी पैसे नव्हे, वेळ द्यावयाचा, हे ब्रिटिश चळवळीचे मुख्य सूत्र आहे. आंतरधर्मीय सहकार्य हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. लंडनमध्ये ज्यू व मुस्लिम स्वयंसेवकांनी एकत्र येऊन बेघरांसाठी कोंबडीचे सूप शिजवले, तेव्हा कोशेर व हलाल असे दोन्ही नियम सांभाळावे लागले. ब्रिटनमधील मुस्लिमांच्या ‘सदका डे’लाही मिट्झ्वा दिनापासून प्रेरणा मिळाली.

जर्मनीत ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेच्या पुढाकाराने २०१२ पासून मिट्झ्वा दिन होतो. तेथील सिनेगॉगांचे बहुसंख्य सभासद १९९० नंतर पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेल्या कुटुंबांतील असून त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. स्थलांतरानंतर ज्यांनी स्वतः इतरांच्या आधाराचा अनुभव घेतला, अशी माणसे या दिवशी मदत करणाऱ्यांच्या बाजूला उभी राहतात. इस्रायलमध्ये २००७ पासून पाळला जाणारा ‘सत्कृत्य दिन’ याच जातीचा असला तरी तो सिनेगॉगांशी बांधलेला नाही.

दिवसाचे स्वरूप

तयारी काही आठवडे, मोठ्या सिनेगॉगांत काही महिने आधी सुरू होते. एक समिती परिसरातील संस्थांकडून गरजा समजून घेते, कामांची यादी करते आणि सभासद आपली नावे नोंदवतात. अन्नपेढीसाठी शिधा गोळा करून त्याची वर्गवारी करणे, बेघरांसाठी जेवणाचे डबे भरणे, उद्यान किंवा नदीकाठ साफ करणे, शाळेच्या भिंती रंगवणे, रक्तदान, वृद्धाश्रमात चहापान व गाणी ही नेहमीची कामे. काही ठिकाणी जुन्या ज्यू दफनभूमीतील गवत काढून थडगी स्वच्छ करतात. मृताकडून परतफेडीची अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून त्याची सेवा परंपरेने निखळ मानली आहे.

सर्व वयांना सामावून घेणे हा या दिवसाचा सर्वांत अवघड भाग म्हणावा लागेल. धर्मनियमानुसार मुलगा तेराव्या व मुलगी बाराव्या वर्षी आज्ञापालनास बांधील होते. त्याआधी मुलांना सवय लावणे हे पालकांचे कर्तव्य असते. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलांनाही शुभेच्छापत्रे रंगवणे, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे अशी कामे दिली जातात. ज्यांना फार चालवत नाही असे आजी-आजोबा बसून लोकरीच्या टोप्या व पांघरुणे विणतात. मुलांना गुंतवण्यासाठी काढलेले काम आणि खरोखर गरजेचे काम यांतला फरक मुलांच्या लगेच लक्षात येतो, त्यामुळे अनुभवी समित्या कामांची निवड काळजीपूर्वक करतात.

रविवारच का

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत ज्यू लोकांचा शब्बाथ असतो. त्या काळात स्वयंपाक, लेखन, बांधकाम इत्यादी कामे निषिद्ध असल्यामुळे शनिवारी असा उपक्रम शक्य नसतो. मराठी वाचकाला ही गोष्ट अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव त्यांना पडले. अमेरिकेत डेट्रॉइट परिसरासारख्या ठिकाणी मिट्झ्वा दिन २५ डिसेंबरला होतो. नाताळच्या दिवशी ख्रिस्ती स्वयंसेवकांना घरी राहता यावे म्हणून ज्यू स्वयंसेवक अन्नछत्रांतील व अन्य संस्थांतील त्यांची जागा घेतात.

आक्षेप

पहिला आक्षेप परंपरेतूनच येतो. मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत देणारा व घेणारा एकमेकांना अनोळखी राहतील असे दान बरेच वरचे मानले आहे. सर्वांत वरची पायरी कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करण्याची आहे. जाहीर केलेला, छायाचित्रे काढून साजरा होणारा दिवस या दोन्ही कसोट्यांवर उणा पडतो. कर्तव्य जर रोजचे, तर त्याचा एक दिवस कसा, हाही प्रश्न विचारला जातो. यावर समर्थकांचे उत्तर असे की एकटा माणूस गुप्तपणे दान देऊ शकतो, पण मुलांनी देण्याची रीत पाहावी तर ती उघडपणेच घडली पाहिजे. शिवाय या दिवशी जुळलेले संबंध वर्षभर टिकावेत असा प्रयत्न असतो. ते टिकतात तेथे हे उत्तर पटण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. एखाद्या लहान संस्थेत एकाच सकाळी शंभर माणसे आली तर त्यांना काम पुरवणे हेच तेथील कर्मचाऱ्यांचे काम होऊन बसते. म्हणून आयोजक संस्थेला आधी विचारून मगच माणसे पाठवण्यावर भर देतात.

मराठी भाषक ज्यू समाज

महाराष्ट्रातील ज्यू समाजात या नावाचा दिवस रूढ होण्याच्या कितीतरी आधी सेवाकार्याची परंपरा होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा सुरू झाली. ती पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुण्यातील ससून रुग्णालय बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. ही झाली पैशाने केलेली मदत. देहाने केलेल्या सेवेचे उदाहरण म्हणून डॉ. जेरुशा जिराड यांच्याकडे पाहता येते. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख म्हणून त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम केले, बेने इस्रायल स्त्रियांच्या मंडळाची उभारणी केली आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अलीकडच्या काळात परदेशांतील तरुण ज्यू स्वयंसेवक ठाण्याजवळील कळव्याच्या वस्त्यांमध्ये मुलांचे शिक्षण व पोषण यांसाठी काम करण्यास येत आले आहेत.