गिट्टी किती ब्रास मागवावी?

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड सातपुड्याच्या पायथ्याजवळ वसले आहे. या भागातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेताला ती गुणाची. पण अशा जमिनीवरच्या शाळेत फाटकापासून व्हरांड्यापर्यंत जायचे तर चपलेला शेरभर चिखल. म्हणून आवारात पायवाट करायचे ठरते, आणि मुख्याध्यापकांपुढे प्रश्न येतो : मुरूम आणि गिट्टी किती मागवायची? कमी पडली तर ट्रॅक्टरच्या आणखी खेपा, उरली तर वर्षभर पटांगणात ढीग. याचे उत्तर बहुधा ट्रॅक्टरवालाच देतो. वास्तविक हा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गाने सोडवावा असा आहे.

आपल्याकडे हा माल ब्रासने विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. समजा पायवाट ९० फूट लांब, १० फूट रुंद आहे आणि मुरमाचा ४ इंचांचा पक्का थर हवा आहे. ४ इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा; तेव्हा ९० × १० × १/३ = ३०० घनफूट. तीन ब्रास!

पण तीन ब्रास मागवले तर थर चार इंचांचा होणार नाही. मुरूम येतो तो सैल. पाणी मारून धुम्मसाने ठोकला की तो बसतो. किती बसतो हे मुरमाच्या जातीवर आणि ओलाव्यावर अवलंबून असते. एका डब्यात मुरूम सैल भरून, ओला करून, ठोकून उंची मोजली की आपल्या मुरमापुरते उत्तर हाती येते. समजा तो पाव हिस्सा बसला. इथे पुष्कळ विद्यार्थी तीनशेत पाव मिळवून ३७५ म्हणतील. हे बरोबर नाही. पाव घट होते ती सैल मालात. म्हणजे सैल मालाचे पाऊण हिस्से ३०० घनफूट व्हायला हवेत. सैल माल ४०० घनफूट, म्हणजे चार ब्रास. पडताळा सोपा : ३७५ मधून पाव गेला तर उरतात सुमारे २८१.

याच उदाहरणात मोजमापातली चूक किती महाग पडते तेही पाहता येते. लांबी मोजताना एक फूट चुकली तर सैल मालात साडेचार घनफुटांचाही फरक पडत नाही, चार-सहा घमेल्यांचा हिशेब. पण जाडी एक इंच चुकली तर? ९०० चौरस फुटांवर एक इंच म्हणजे ७५ घनफूट पक्का, १०० घनफूट सैल. पुरा एक ब्रास. तरीही आपण टेप लावून लांबी दोनदा मोजतो आणि जाडी 'चारेक इंच' म्हणून सोडून देतो. जमीन खालीवर असते, म्हणून खुंट्या ठोकून, गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी साधून दोरी ताणावी आणि दहा-पंधरा ठिकाणी दोरीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून सरासरी काढावी. वेळ खर्चायचा तो इथे.

आता गिट्टी. पुण्याकडे हिलाच खडी म्हणतात. दहा लिटरची बादली गिट्टीने काठोकाठ भरा. दगड आधी भिजवून निथळून घ्या, म्हणजे ते पाणी पिणार नाहीत. मग मापाने पाणी ओता. चार-साडेचार लिटर पाणी सहज मावते! आपण पैसे देतो त्या ब्रासमध्ये चाळीस-पंचेचाळीस टक्के हवाच असते. यात फसवणूक नाही. दगड दगडाला टेकला की मधे पोकळी राहणारच. सारख्या आकाराचे गोल चेंडू जास्तीत जास्त दाटीने रचले तरी सुमारे २६ टक्के जागा रिकामी राहते. हे केप्लरने १६११ साली सुचवले, आणि थॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता १९९८ साली मांडली. नुसते ओतून हलवलेले गोळे ३६ टक्क्यांच्या आसपास थांबतात. गोळ्यांच्या आकारमानाने यात फरक पडत नाही : हरभरा घ्या की वाटाणा.

फरक पडतो तो लहानमोठे एकत्र केल्यावर. एक पेला हरभरा आणि एक पेला मोहरी मिसळून मापा. दोन पेले भरत नाहीत. म्हणून गिट्टीवर मुरूम पसरून पाणी मारले तर बराच मुरूम पोकळ्यांत उतरतो आणि थर त्या मानाने वाढत नाही. दोन मालांचे ब्रास सरळ बेरजेला धरू नयेत. शिवाय काळ्या मातीवर थेट गिट्टी टाकली तर पहिल्या पावसात ती मातीत रुतते, म्हणून खाली मुरूम लागतोच.

आलेला माल मोजायचा कसा? ट्रॉली खाणीवर भरताना मोजली असेल तर वाटेतल्या धक्क्यांनी माल खाली बसलेला दिसेल, तो चोरीला गेला असे लगेच म्हणू नये. रिकामा केलेला ढीग जवळजवळ शंकूच्या आकाराचा असतो. त्याच्या पायथ्याभोवती दोरी फिरवून परीघ घ्या, उंची घ्या. परिघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ३८. परीघ १० मीटर आणि उंची १.१ मीटर असेल तर २.९ घनमीटर, म्हणजे ब्रासभर. ३८ कुठून आले? शंकूच्या सूत्रात त्रिज्येऐवजी परीघ घातला की छेदात १२ पाय येतात. हे मुलांना स्वतः काढू द्यावे.

सातपुड्यातल्या नाल्यांनी पायथ्याशी आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या थरांतही अशाच पोकळ्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. तिथे बारीक रेती-माती मिसळलेली असल्याने पोकळी बादलीतल्यापेक्षा कमी. पण तिथल्या विहिरींचे पाणी साठते ते त्याच पोकळ्यांत.