अळंबीतील खनिजे मोजणारी ज्योत

कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारे लाकडासारखे टणक कवक फणसोंबा या नावाने ओळखले जाते, आणि लहान मुलाच्या तोंडातून फार लाळ गळू लागली की ते पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याचा प्रघात पश्चिम घाटाच्या परिसरात जुना आहे. अशा औषधी कवकांत लोह, जस्त, तांबे किती आणि त्यांच्या जोडीने शिसे, कॅडमियम किती, हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. कारण कवकाचे तंतू ज्या मातीत किंवा लाकडात पसरतात तेथील धातू ते शोषून घेतात आणि कोणता धातू साठवायचा हे जातीगणिक बदलते. लाल टोपीची विषारी अमानिता मस्कारिया व्हॅनेडियम साठवते, तर अगॅरिकस प्रजातीतील काही रानटी अळंब्या कॅडमियम साठवतात.

हे धातू मोजण्यासाठी प्रयोगशाळांत दीर्घकाळ रुळलेले यंत्र म्हणजे अणुशोषण वर्णपटमापी. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्वतःच्या ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात, हे तत्त्व बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी हायडलबर्ग येथे 1860च्या सुमारास प्रस्थापित केले होते. तरीही त्यावर आधारलेली व्यवहार्य मोजणी 1955 साली मेलबर्नच्या सीएसआयआरओ या संस्थेतील अ‍ॅलन वॉल्श यांनी मांडली. तोवर ज्योतीत तापलेले अणू जो प्रकाश बाहेर टाकतात तो मोजला जात असे, पण ज्योतीतील बहुतेक अणू प्रकाश न टाकता मूळ अवस्थेतच राहतात, म्हणून त्यांनी शोषलेला प्रकाश मोजावा, हा वॉल्श यांचा विचार साधा आणि विलक्षण फलदायी ठरला. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दिव्याचे पोकळ ऋणाग्र, म्हणजे ऋण विद्युतअग्र, जो धातू मोजायचा त्याचेच बनवलेले असते. त्यामुळे जस्ताच्या दिव्यातून 213.9 नॅनोमीटरचा नेमका जस्ताचा प्रकाश निघतो, सुमारे 2300 अंश सेल्सिअसच्या हवा-अ‍ॅसिटिलीन ज्योतीतून पार होतो, आणि ज्योतीत तुषाररूपाने सोडलेल्या द्रावणात जस्त जितके जास्त तितका तो क्षीण होतो.

यंत्रापाशी पोचण्याआधीचे काम मात्र अधिक कसोटीचे आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीत उगवलेल्या अळंबीच्या घड्यांत मातीचा कण राहिला, तर आकडा अळंबीच्या लोहाचा न राहता जांभ्याच्या लोहाचा होतो. पोलादी पात्यांनी दळल्यास क्रोमियम आणि निकेल मिसळण्याची भीती असते. म्हणून नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, वाळवून, अकीकाच्या खलात कुटतात आणि नायट्रिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सेंद्रिय भाग नाहीसा होईपर्यंत तापवतात. अर्धा ग्रॅम भुकटीचे 25 मिलिलिटर द्रावण केले आणि त्यात लिटरला 1 मिलिग्रॅम जस्त आढळले, तर मूळ भुकटीत किलोमागे 50 मिलिग्रॅम जस्त ठरते. पण याच गुणाकाराने भांड्याला चिकटलेली अशुद्धीही पन्नासपट होते. म्हणूनच भुकटी न घालता तीच सारी क्रिया केलेला ‘कोरा नमुना’ प्रत्येक वेळी सोबत मोजावा लागतो, आणि ज्या अहवालात त्याचा उल्लेख नाही त्यातील आकड्यांवर विश्वास ठेवणे कठीण आहे.

ज्योतीलाही स्वतःच्या अडचणी आहेत. अळंबीत फॉस्फरस भरपूर असल्यामुळे ज्योतीत कॅल्शियम फॉस्फेट तयार होते, ते सहजी फुटत नाही आणि कॅल्शियम प्रत्यक्षाहून कमी दिसते. लँथॅनम मिसळले की ते फॉस्फेटला धरून ठेवते आणि कॅल्शियम मोकळे होते. पोटॅशियम हे अळंबीतील सर्वांत विपुल खनिज असते, पण त्याचे अणू ज्योतीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन गमावतात. तो ऱ्हास रोखण्यासाठी त्याहून सहज इलेक्ट्रॉन सोडणारे सीझियम घालतात, जे मूलद्रव्य बुन्सेन आणि किर्खहोफ यांनीच वर्णपटाच्या साह्याने शोधले होते.

इतके करून मिळणारा आकडा धातूच्या एकूण प्रमाणाचा असतो. त्यातील किती अंश शरीरात शोषला जाईल हे त्यावरून कळत नाही, आणि ‘खनिजांनी समृद्ध’ अशी जाहिरात करणारे हा भेद सोयीने विसरतात. आर्सेनिकच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा आहे. चीनच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 साली हिमालयात अळीवर वाढणाऱ्या कीडाजडी या औषधी कवकाच्या उत्पादनांत किलोमागे 4.4 ते 9.9 मिलिग्रॅम आर्सेनिक आढळल्याचे सांगून सावधगिरीचा इशारा दिला. परंतु असेंद्रिय आर्सेनिक अत्यंत विषारी आणि त्याची काही सेंद्रिय संयुगे तुलनेने सौम्य असल्याने, ही रूपे आधी क्रोमॅटोग्राफीने वेगळी करून मगच मोजावी लागतात.