हिशेबात न बसणारा प्रकाश

सूर्याहून आठपटीपेक्षा अधिक वस्तुमानाचा तारा आपले इंधन संपवतो, त्याचा गाभा क्षणार्धात कोसळतो आणि बाहेरचे थर प्रचंड वेगाने अवकाशात फेकले जातात. या स्फोटाला सुपरनोव्हा, मराठीत अतिनवतारा, म्हणतात. काही आठवडे तो कोट्यवधी सूर्यांच्या तेजाने तळपतो आणि मग विझत जातो. या प्रकाशाचा जमाखर्च शास्त्रज्ञांनी बराचसा जुळवून ठेवला होता. स्फोटात किरणोत्सर्गी निकेल निर्माण होते, त्याचे कोबाल्ट होते, कोबाल्टचे अखेर लोखंड होते. या स्थित्यंतरात सुटणारी ऊर्जा उजेड टिकवून धरते.

२००५ च्या मार्चमध्ये हा जमाखर्च बिघडला. टेक्सासमध्ये रॉबर्ट क्विंबी हा विद्यार्थी अवघ्या ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने आकाश धुंडाळीत होता. पंगतीला भात वाढायची परात असते तेवढाच तो आरसा! त्यात त्याला एसएन २००५एपी हा स्फोट सापडला. अंतराचा विचार करता त्याचे मूळ तेज सामान्य अतिनवताऱ्याच्या शंभरपटीहून अधिक भरले. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्म जीवांपलीकडे सृष्टी गेलेली नव्हती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबरात, त्याला आणखी एक तेजस्वी स्फोट आढळला, एसएन २००६जीवाय. २००६ मध्येच हबल दुर्बिणीनेही एक विलक्षण प्रकाशबिंदू टिपला होता. पण त्याचा वर्णपट कशाशीच जुळेना. तो आपल्या आकाशगंगेतला की अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडचा, हेसुद्धा ठरेना.

हे कोडे सुटले त्यात एका कुरुंदवाडकराचा हात आहे. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म १९५६ साली कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळील त्या गावी झाला. शिक्षण हुबळीस, नंतर दिल्लीच्या आय.आय.टी.त आणि अमेरिकेत. (हुबळीकरही त्यांच्यावर हक्क सांगतील, आणि तो आपल्याहून मोठा आहे हे मान्य करावे लागेल.) कॅल्टेकमध्ये प्राध्यापक असताना त्यांनी २००९ साली पालोमार पर्वतावर ४८ इंची दुर्बिणीने नव्या पद्धतीची टेहळणी सुरू केली. तिचे नाव पालोमार ट्रान्झिएंट फॅक्टरी. आकाशाच्या त्याच त्या भागाची छायाचित्रे पुन्हा पुन्हा घ्यायची, नव्यातून जुने संगणकाने वजा करायचे. उरेल ते नवे. रोज हजेरी घेणाऱ्या शिक्षकाला वर्गातला नवा चेहरा चटकन कळतो, तसेच हे.

क्विंबीही आता या चमूत होता. वर्षभरातच असे चार स्फोट हाती आले. त्यांच्या वर्णपटांत हायड्रोजनचा मागमूस नव्हता. आयनीभूत ऑक्सिजनच्या खुणा मात्र होत्या. मॅग्नेशियमच्या बारीक रेषांवरून अंतरे कळली. मग जुने वर्णपट शेजारी ठेवून पाहिले, तो २००५ चा स्फोट आणि हबलचा तो अनाथ बिंदू, दोन्ही याच कुळातले निघाले. एका किल्लीने दोन कुलपे उघडली! २०११ साली ‘नेचर’मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला.

आमच्या दुधनीला, मधुबन जलाशयाच्या काठी, हे वर्गात सांगत असता एका मुलीने विचारले, “सर, हा तारा आपल्याला दिसेल का?” नाही दिसणार. २००६ चा स्फोट त्या मानाने जवळचा, तरी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याहूनही तो हजारपटीने मंद होता.

पण एवढे तेज येते कोठून? निकेलचा हिशेब इथे चालत नाही. इतक्या प्रकाशाला लागणारे निकेल फेकल्या गेलेल्या द्रव्यात मावतच नाही, आणि उजेडही फार लवकर ओसरतो. २००६ च्या स्फोटाच्या बाबतीत, ताऱ्याने आधीच बाहेर टाकलेल्या द्रव्यावर स्फोटाचे द्रव्य आदळून उजेड झाला असे मानतात. हायड्रोजनविरहित स्फोटांसाठी मात्र २०१० साली कॅसेन व बिल्डस्टन यांनी, तसेच स्वतंत्रपणे वूस्ली यांनी, निराळी कल्पना मांडली. गाभा कोसळून मॅग्नेटार, म्हणजे अतिप्रबळ चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा, जन्मतो. सिलवासाहून खानवेल जितके लांब, साधारण तेवढाच त्याचा व्यास. वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक. तो सेकंदाला शेकडो गिरक्या घेतो आणि त्याची गती मंदावताना सुटणारी ऊर्जा भोवतालच्या द्रव्याला तापवते.

इतक्या वेगाने तारा फिरू शकतो हे मुळात दाखवून दिले कोणी? १९८२ साली डोनाल्ड बॅकर यांच्यासह सेकंदाला ६४२ फेरे घेणारा स्पंदक शोधणाऱ्यांत विद्यार्थिदशेतील हेच कुलकर्णी होते! तो स्पंदक निराळ्या जातीचा, दुबळ्या चुंबकत्वाचा. पण योगायोग खराच. २०२४ चे शॉ पारितोषिक त्यांना मिळाले, त्यात या दोन्ही कामांचा गौरव आहे.

पालोमारची पुढची टेहळणी, झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी, २०१८ पासून सुरू झाली. तिने जानेवारी २०२० मध्ये टिपलेल्या एसएन २०२०एएनके या स्फोटाचा मागोवा नैनिताल व लडाखमधील हान्ले येथील भारतीय दुर्बिणींनी घेतला. नैनितालच्या आर्यभट्ट संस्थेतील संशोधकांना त्याचा प्रकाश मॅग्नेटारच्या कल्पनेशी चांगला जुळताना दिसला. तरीही काही स्फोटांचा उजेड ओसरताना मध्येच पुन्हा उसळी घेतो. ती उसळी मॅग्नेटारची की वाटेत आलेल्या द्रव्याची, यावर ज्योतिर्विदांचे अजून एकमत नाही.