बरोबरीची कोंडी

१९७५ सालची शेवटची रात्र. माँट्रियलच्या फोरम स्टेडियममध्ये एका बाजूला त्याच शहराचा कनेडियन्स संघ होता आणि दुसऱ्या बाजूला मॉस्कोहून आलेला सोव्हिएत लष्कराचा संघ. शीतयुद्धाच्या दिवसांत असा सामना नुसता आईस हॉकीचा राहत नाही. माँट्रियलने गोलजाळीवर ३८ फटके मारले, पाहुण्यांनी जेमतेम १३. तरी साठ मिनिटं संपली तेव्हा फलकावर ३-३ होतं, कारण सोव्हिएत गोलरक्षक व्लादिस्लाव ट्रेटियाक त्या रात्री हार मानायला तयार नव्हता. पुढे काही झालं नाही. जादा वेळ नाही, शूटआउट नाही. प्रेक्षक नव्या वर्षाचं स्वागत करायला बाहेर पडले. आजही कॅनडातले जुने जाणकार सर्वोत्तम सामन्यांबद्दल बोलू लागले की हा न सुटलेला सामना त्यात हमखास निघतो.

आजच्या साखळीत असा शेवट होऊच शकत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, २००५ मध्ये बरोबरी कायमची हद्दपार केली. त्याआधी आणि त्यानंतरही बरोबरी फोडण्याचे इतके प्रयोग झाले की नियमांच्या या इतिहासातून खेळाचा, रेल्वेचा, टीव्हीचा आणि माणसाच्या उतावळेपणाचाही इतिहास वाचता येतो.

आधी खेळ थोडक्यात. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं, बर्फावर प्रत्येकी सहा जण, त्यात एक गोलरक्षक. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती. वेग एवढा की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून स्केटिंग करतो आणि बाकावर परततो. त्याच्या जागी खेळ न थांबता दुसरा उडी घेतो. गोल मोजकेच होतात, त्यामुळे बरोबरी ही नेहमीची गोष्ट.

सुरुवातीच्या काळात साखळी सामना बरोबरीत असेल तर दहा मिनिटांचा जादा वेळ मिळे. गोल झाला तरी दहाही मिनिटं खेळली जात. मग दुसरं महायुद्ध आलं. संघ तेव्हा रेल्वेनेच फिरत. शनिवारी रात्री एका शहरात सामना संपवून रविवारी दुसऱ्या शहरात उतरायचं. युद्धकाळात गाड्यांच्या वेळापत्रकावर निर्बंध आले आणि सामना लांबला म्हणून गाडी थांबेना. नोव्हेंबर १९४२ मध्ये लीगने साखळीतला जादा वेळ रद्द केला. युद्ध तीन वर्षांत संपलं, पुढे संघ विमानाने फिरू लागले, पण गाडीसाठी काढून टाकलेला जादा वेळ परत यायला १९८३ साल उजाडावं लागलं. तात्पुरते नियम किती काळ टिकतात याचं याहून चांगलं उदाहरण क्रीडाक्षेत्रात सापडणं कठीण.

मधल्या चार दशकांत बरोबरी हा गुणतक्त्यातला एक स्वतंत्र रकाना होता, आणि त्या रकान्याशी फिलाडेल्फिया फ्लायर्सइतकं जवळचं नातं दुसऱ्या कुणाचं नसेल. १९६९-७० च्या मोसमात फ्लायर्सनी ७६ पैकी २४ सामने बरोबरीत सोडवले. तो आजही लीगचा विक्रम आहे. मोसमाअखेर त्यांचे आणि ओकलंडचे गुण सारखेच, ५८. म्हणजे इथेही बरोबरीच! ती फोडण्यासाठी कुणी जास्त सामने जिंकले ते पाहिलं गेलं. ओकलंडचे विजय २२, फ्लायर्सचे १७. ओकलंड पुढच्या फेरीत, फ्लायर्स घरी. दहा वर्षांनी याच संघाने सलग ३५ सामने न हरता काढले. त्यातले २५ जिंकलेले, १० बरोबरीतले. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब अपराजित मालिका दुसरी नाही, आणि आजच्या नियमांत ती मोजताच आली नसती.

१९८३ मध्ये पाच मिनिटांचा जादा वेळ परत आला. पहिला गोल झाला की सामना संपला, असा. पण संघ हुशार असतात. बरोबरीचा एक गुण हाताशी असताना तो धोक्यात कशाला घालायचा? पाच मिनिटं पक इकडून तिकडे फिरवत काढली जाऊ लागली. त्यावर १९९९ मध्ये दोन उपाय एकदम आले. जादा वेळात गोलरक्षकाखेरीज पाचऐवजी चारच खेळाडू, म्हणजे बर्फावर मोकळी जागा जास्त. आणि जादा वेळात हरणाऱ्यालाही एक गुण, म्हणजे धोका पत्करायला हरकत नाही.

पहिला उपाय कल्पक होता. दुसऱ्याने गणित बिघडवलं. जिंकणाऱ्याला दोन गुण आणि हरणाऱ्याला एक, म्हणजे काही सामन्यांतून दोन गुण वाटले जातात आणि काहींतून तीन. समजा, ८२ सामन्यांत एखादा संघ ४० जिंकला, ३० साठ मिनिटांत हरला आणि १२ जादा वेळात किंवा शूटआउटमध्ये हरला. पराभव विजयांपेक्षा जास्त, पण गुण ९२, आणि तक्त्यात तो ऐटीत बसलेला दिसतो. शिवाय शेवटच्या दहा मिनिटांत दोघांचे गोल सारखे असतील तर साठ मिनिटं कशीबशी गाठण्यात दोघांचाही फायदा. खेळ वाढावा म्हणून केलेल्या नियमाने ऐन रंगात आलेला खेळ थंड पडतो. आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाची पद्धत जास्त सरळ आहे. तिथे प्रत्येक सामन्यातून तीनच गुण निघतात: साठ मिनिटांत जिंकलात तर तिन्ही तुमचे, नंतर जिंकलात तर दोन तुमचे आणि एक समोरच्याचा. एनएचएल ही पद्धत उचलत नाही. सैल गणितामुळे मोसमाच्या शेवटापर्यंत बऱ्याच संघांच्या आशा जिवंत राहतात आणि तिकिटं खपतात, हे त्यामागचं कारण असावं अशी शंका घ्यायला जागा आहे.

२००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वेतनवादात बुडाला. रुसलेल्या प्रेक्षकांना परत आणायचं तर काही चमचमीत हवं होतं. ५ ऑक्टोबर २००५ रोजी टोरंटोत यजमान मेपल लीफ्स आणि ओटावा सेनेटर्स २-२ वर अडकले आणि एनएचएलचं पहिलं शूटआउट झालं. ओटावाकडून डॅनियल आल्फ्रेडसन आणि डॅनी हीटली यांनी गोल केले, टोरंटोकडून कुणीच नाही.

भारतीय वाचकाला शूटआउट नवं नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रीजेशच्या जोरावर भारताने ग्रेट ब्रिटनला बाहेर काढलं ते मैदानी हॉकीच्या शूटआउटमध्येच. बर्फावरही तत्त्व तेच. एक खेळाडू मध्यरेषेवरून पक घेऊन एकटा निघतो आणि समोर एकटा गोलरक्षक. साधारण तीनांतला एकच प्रयत्न गोलात जातो, म्हणजे फुटबॉलच्या पेनल्टीच्या अगदी उलट. इथे पारडं गोलरक्षकाचं जड. प्रत्येकी तीन प्रयत्न, तरी बरोबरी असेल तर एकास एक. डिसेंबर २०१४ मध्ये फ्लोरिडा आणि वॉशिंग्टन यांच्यात हे एकास एक २० फेऱ्यांपर्यंत गेलं, तेव्हा कुठे फ्लोरिडाच्या निक ब्युगस्टाडने ते संपवलं. अशा लांबणीत गोल करणं ज्यांचं कामच नाही त्यांच्यावरही पाळी येते. नोव्हेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा बचावपटू मारेक मालिक पंधराव्या फेरीत उतरला, गोलरक्षक ओलाफ कोल्झिगसमोर त्याने स्टिक मागे नेऊन स्वतःच्या दोन पायांमधून पक उडवला आणि गोल केला. भल्याभल्या आक्रमकांनी जे करून पाहायचं धाडस केलं नव्हतं ते या उंचापुऱ्या बचावपटूने करून दाखवलं. गंमत अशी की शूटआउटमधला गोल खेळाडूच्या वैयक्तिक खात्यात धरत नाहीत.

शूटआउटवरचा आक्षेप जुना आहे: साठ मिनिटं संघ खेळला, मग निकाल दोन माणसांच्या द्वंद्वावर का? लीगलाही तो आतून पटलेला असावा, कारण शूटआउटवर जाणारे सामने कमी व्हावेत म्हणून २०१५ पासून जादा वेळात तिघांविरुद्ध तिघेच खेळतात. एवढ्या मोकळ्या बर्फावर एक चूक म्हणजे समोर गोलरक्षकापर्यंत रान मोकळं. नियमही गमतीदार होतात. तिघांतला एक शिक्षा भोगायला बाहेर गेला तरी संघ दोघांवर येत नाही. समोरच्यालाच चौथा खेळाडू मिळतो. आणि कुणी धाडसाने गोलरक्षक बाहेर काढून जादा आक्रमक उतरवला, तर रिकाम्या जाळीत गोल खाल्ल्यावर पदरचा एक गुणही जातो. मार्च २०२४ मध्ये मिनेसोटा वाइल्डने नॅशव्हिलविरुद्ध हा जुगार खेळला आणि मॅट बोल्डीच्या गोलावर जिंकला. अलीकडे मात्र संघ यातही शहाणे झालेत. संधी दिसली नाही की पक घेऊन निवांत मागे फिरतात.

ऑलिंपिकमध्ये शूटआउटने सुवर्णपदकंही वाटली आहेत. १९९४ मध्ये लिलेहामरला स्वीडन आणि कॅनडा अंतिम सामन्यात २-२ वर होते. सातव्या फेरीत स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गने कॅनडाचा गोलरक्षक कोरी हर्श याला एका बाजूला खेचलं आणि दुसऱ्या बाजूने, एकाच हातात स्टिक धरून, पक हळूच आत सरकवला. ही युक्ती त्याने आपल्याच देशाच्या केंट निल्सनकडून उचलली होती. मग टॉमी सालोने पॉल करियाचा फटका अडवला आणि सुवर्ण स्वीडनला गेलं. स्वीडनने त्या गोलाचं टपाल तिकीट काढलं. फजितीच्या क्षणी आपली छबी तिकिटावर यायला हर्शने परवानगी नाकारली, म्हणून चित्रातल्या गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग बदलावा लागला.

चार वर्षांनी नागानोत कॅनडाचं पुन्हा तेच झालं. उपांत्य सामन्यात चेक गोलरक्षक डॉमिनिक हाशेकने शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही फटके अडवले. चेककडून रॉबर्ट राइखेलचा एक गोल पुरला. पण कॅनडात चर्चा हाशेकपेक्षा बाकावरच्या माणसाची झाली. एनएचएलमध्ये सर्वाधिक गोलांचा विक्रम तेव्हा ज्याच्या नावावर होता तो वेन ग्रेट्झ्की प्रशिक्षक मार्क क्रॉफर्ड यांच्या पाच जणांत नव्हता. आता आंतरराष्ट्रीय महासंघाने अंतिम सामन्यातून शूटआउट काढून टाकलं आहे. तिघांविरुद्ध तिघे, गोल होईपर्यंत. २०२५ ची जागतिक स्पर्धा स्टॉकहोममध्ये अशाच जादा वेळात सुटली. अमेरिकेने स्वित्झर्लंडला १-० ने हरवलं आणि १९३३ नंतर प्रथमच विजेतेपद मिळवलं.

एनएचएलच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे पाचांविरुद्ध पाच, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा वीस मिनिटं, गोल होईपर्यंत. साखळीत शूटआउटचं कौतुक करणारी लीग, खरा करंडक पणाला लागतो तेव्हा त्याचं नाव काढत नाही. त्या उपायाबद्दलचं तिचं खरं मत यातच कळतं. २४ मार्च १९३६ च्या रात्री साडेआठला फोरममध्येच माँट्रियल मरून्स आणि डेट्रॉइट रेड विंग्ज उतरले. मध्यरात्र उलटली, फलक ०-० वरच. बर्फ सारखा करणारं झांबोनी यंत्र यायला अजून तेरा वर्षं होती. पृष्ठभाग ओरखड्यांनी भरला, पक सरळ जाईना. डेट्रॉइटच्या नॉर्मी स्मिथने सुमारे नव्वद फटके अडवले. सहाव्या जादा सत्रात मड ब्रुनेटो या एकवीस वर्षांच्या नवख्याने गोल केला तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मोसमभरात त्याचे गोल होते दोन. एकूण खेळ १७६ मिनिटं ३० सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन सामने. एनएचएलचा हा उच्चांक अजून अबाधित आहे. जगाचा उच्चांक नॉर्वेत: मार्च २०१७ मध्ये हामारला स्टोरहामार आणि स्पार्टा वॉरियर्स आठव्या जादा सत्रापर्यंत, २१७ मिनिटं १४ सेकंद झुंजले.

बरोबरीवर नियमांत नसलेला तोडगाही एकदा निघाला. मे १९८८, बोस्टन गार्डन, अंतिम मालिकेचा चौथा सामना. एडमंटनने ३-३ केलं आणि तेवढ्यात जुनाट स्टेडियमची वीज गेली. ती वेळेत आलीच नाही. सामना सोडून द्यावा लागला, पण त्यातले गोल खेळाडूंच्या खात्यात राहिले. दोन दिवसांनी एडमंटनने आपल्या गावी ६-३ ने जिंकून करंडक उचलला.

राहता राहिले फ्लायर्स. ११ एप्रिल २०१०, मोसमाचा शेवटचा दिवस, समोर न्यूयॉर्क रेंजर्स. दोघांचे गुण सारखे आणि जिंकेल तोच प्ले-ऑफमध्ये. सामना १-१, मग शूटआउट. ब्रायन बूशेने ओली योकिनेनचा शेवटचा फटका अडवला आणि फिलाडेल्फिया आत गेली. ८२ सामन्यांचा मोसम सहा फटक्यांवर ठरला. पुढे हाच संघ बोस्टनविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून मालिका ४-३ ने जिंकला आणि अंतिम फेरीपर्यंत पोचला. ९ जूनला शिकागोविरुद्धच्या सहाव्या सामन्यात चार मिनिटं उरली असताना त्यांनी ३-३ अशी बरोबरीही साधली. जादा वेळात मात्र पॅट्रिक केनने अगदी अरुंद कोनातून पक मारला आणि हातमोजे फेकून नाचत सुटला. पंच, प्रेक्षक, समालोचक, कुणालाच काही कळेना. पक जाळीच्या तळाशी असलेल्या पट्टीखाली अडकला होता. चित्रीकरण तपासून गोल मान्य झाला आणि शिकागोची १९६१ पासूनची प्रतीक्षा संपली. तो पक कुणीतरी उचलला आणि तो गायबच झाला. शिकागोतल्या एका रेस्टॉरंटने तो आणून देणाऱ्याला ५०,००० डॉलर देऊ केले होते.