आवारातील आपोआप लागणारा दिवा

ज्या आठवड्यात शेतीपंपांस रात्रपाळीने वीज मिळते, त्या आठवड्यात ओलित करणारा मनुष्य रात्री दोन-अडीच वाजता घरी परततो. हातांत फावडे, पायांस चिखल, आणि फाटकापासून ओसरीपर्यंत काळोख. महागाव तहसिलीतील शेतकऱ्यांस हे सांगावयास नकोच. याकरिता आम्ही आवारात हालचालीने लागणारा व आपोआप विझणारा दिवा बसविला. त्याचा अनुभव वाचकांस सादर करीत आहो.

अशा दिव्यास दोन डोळे असतात; त्यांस सेन्सर म्हणतात. एक डोळा उजेड पाहतो व दिवसा दिवा लागू देत नाही. दुसरा हालचाल पाहतो, म्हणजे वस्तुतः उष्णता पाहतो. मनुष्याच्या अंगातून उष्णतेचे अदृश्य किरण सदैव निघतात. ते कमीजास्त पडले की आतील पदार्थात किंचित वीज उत्पन्न होते व दिवा लागतो. वरील पांढऱ्या झाकणास जे पैलू दिसतात, ते भिंग होय. फ्रान्समधील फ्रेनेल नामक शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या दशकात दीपगृहांकरिता जे भिंग सिद्ध केले, त्याचेच हे धाकटे भावंड. या पैलूंमुळे आवाराचे जणू पट्टे पडतात. ऊन अंगाचा प्राणी एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की डोळ्यास त्याची जाणीव होते.

म्हणून आडवा जाणारा मनुष्य त्यास चटकन दिसतो, समोरून सरळ येणारा उशिरा. आमच्या कारागिराने घाईत डोळा नेमका फाटकासमोर बसविला होता. मनुष्य ओसरीशी आला तरी दिवा लागेना. पुढे तो बाजूच्या भिंतीवर सात-आठ फूट उंचीवर घेतला, आणि फाटक उघडताच उजेड पडू लागला. रस्त्यावरील दिव्याचा झोत त्याजवर पडत असल्यास मात्र त्यास रात्र झालीच नाही असे वाटते. तेव्हा जागा पाहूनच बसवावा. वैशाखात आपल्याकडे भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. अंगाची व भोवतालची उष्णता जवळजवळ सारखी झाल्याने त्या दिवसांत हा डोळा मंदावतो. पौषात तोच तल्लख असतो.

गोठ्यात हा दिवा लावू नये. ढोरांच्या हालचालीने तो रात्रभर मालवत नाही, आणि ढोरे निजलेली असता धार काढणारा स्थिर बसला की ऐन वेळी विझतो. तेथे साधे बटणच बरे.

विजेच्या बचतीचा गाजावाजा फार होतो. नऊ वॅटचा दिवा रोज बारा तास जळाला तरी महिन्यास सव्वातीन युनिटच होतात. साठ वॅटच्या जुन्या बल्बास साडेएकवीस लागत. खरी बचत दिवा बदलल्यानेच झाली. फोनवरून चालणारे ‘स्मार्ट होम’चे प्रकारही बाजारात आहेत, परंतु त्यांतील पुष्कळांस इंटरनेट लागते, आणि ते आवारात टिकेलच असा भरवसा आम्हांस वाटला नाही. ज्याची अक्कल त्याच्याच डबीत आहे, असा साधा प्रकार आम्ही घेतला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या भाद्रपदात एका रात्री कुत्रे भुंकू लागले. सूनबाई दारातून पाहून म्हणाल्या, “मामाजी, दिवा लागला नाही, म्हणजे आवारात काहीच नाही.” आम्हीही होकार दिला. त्या अनवाणी पायरीवर उतरल्या, त्यांच्या हालचालीने दिवा लागला, आणि पुढच्याच पायरीवर घोणस वेटोळे घालून पडलेली दिसली. पाय व ती यांत वीतभरच अंतर होते. दैव बलवत्तर म्हणून निभावले.

साप शीतरक्त प्राणी. त्याचे अंग बहुधा जमिनीइतकेच उबदार असते, त्यामुळे या डोळ्यास तो दिसत नाही. ही गोष्ट विक्रेत्याने सांगितली नव्हती, आम्हीही विचारली नव्हती. तेव्हापासून दुसरा डोळा ओसरीच्या आत, उंबरठ्यावर रोखून बसविला आहे. पाय खाली पडण्यापूर्वीच पायऱ्या उजळतात. पायऱ्यांलगतचा सरपण व विटांचा ढीग हलविला. दाराशी खुंटीवर बॅटरी व खाली पायताण ठेवले आहे, आणि सूनबाई आता ती घेतल्यावाचून आम्हांसही उतरू देत नाहीत.