चिन्ह सर्वांचे, चित्र कोणाचे?



नवरात्र जवळ आले, की आमच्या रेणापुरात रेणुकामातेच्या चित्रांचे फलक झळकू लागतात. पूर्वी असे फलक पेंटर हाताने रंगवीत. आता मंडळातला एखादा मुलगा आंतरजालावरून चित्र उतरवून घेतो, खाली नावे टाकतो आणि तासाभरात फ्लेक्स छापून आणतो. ते चित्र मुळात कोणी काढले? त्याला विचारले होते का? आणि चित्र देवीचे असताना कोणाला विचारायची गरजच काय?

आपल्या विषयातले एक उदाहरण घेऊ. न्यूटनचा गतिविषयक दुसरा नियम कोणाच्या मालकीचा आहे? कोणाच्याच नाही. तो कोणीही शिकवावा, कोणीही वापरावा. परंतु तो समजावण्यासाठी एखाद्या पुस्तकात जी आकृती काढलेली असते, ती मात्र काढणाऱ्याची असते. कायद्याचे तत्त्व नेमके हेच आहे. कल्पनेवर कोणाचाही हक्क नसतो. ती कल्पना ज्या विशिष्ट रूपात मांडली, त्या रूपावर हक्क असतो. या हक्काला कॉपीराइट किंवा प्रताधिकार म्हणतात.

आता हे तत्त्व धार्मिक चिन्हांना लावून पाहा. स्वस्तिक, ॐ, क्रूस, चंद्रकोर किंवा नांदेडच्या गुरुद्वारात दिसणारा शिखांचा खंडा ही चिन्हे परंपरेने आलेली आहेत. त्यांवर कोणाचाही प्रताधिकार नाही. संगणकाच्या युनिकोड या जागतिक वर्णसंचात तर ॐ ला २३८४ आणि खंड्याला ९७७२ असे क्रमांकच दिलेले आहेत. तुम्ही ती 'क' किंवा 'ख' या अक्षरांइतक्याच मोकळेपणाने लिहू शकता.

चित्राची गोष्ट वेगळी

समजा, एका चित्रकाराने चार रात्री जागून रेणुकामातेचे नवे चित्र रंगवले. देवी सर्वांची, पण ती मुद्रा, ते रंग, ती मांडणी त्याची. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्र पूर्ण होताच त्याचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. चित्र आंतरजालावर ठेवले म्हणून तो हक्क संपत नाही. कोणी त्याचे नाव पुसून आपले घातले, तर तोही कायद्याचा भंग ठरतो. कारण आपल्या कृतीला आपले नाव असावे, हा कर्त्याचा वेगळा हक्क याच कायद्याने मानला आहे. ज्याचे पोट कुंचल्यावर चालते, त्याच्यासाठी ही काही लहान बाब नाही.

हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही वर्षे मृत्यूनंतरच्या पहिल्या जानेवारीपासून मोजतात. राजा रविवर्मा १९०६ साली वारले. त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या. आजच्या नियमाने मोजले तरी त्यांच्या चित्रांवरील हक्क १९६६ अखेर संपलेला आहे. ती आता सर्वांची आहेत. छायाचित्राचा हिशेब २०१२ पर्यंत निराळा होता. तेथे ६० वर्षे पहिल्या प्रसिद्धीपासून मोजत.

मोकळीक कोठे आहे?

कायद्याने काही वापर न्याय्य मानले आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी, तसेच टीका किंवा परीक्षण करण्यासाठी चित्राचा बेताने वापर करता येतो. शिकवण्याच्या ओघात शिक्षक व विद्यार्थी त्याची प्रत करू शकतात. लोकांना प्रवेश असलेल्या जागी कायम बसवलेल्या शिल्पाचे छायाचित्रही घेता येते. मात्र मंदिरात छायाचित्रणास बंदी असेल, तर ती पाळलीच पाहिजे. तो प्रताधिकाराचा भाग नव्हे, त्या जागेचा नियम आहे.

म्हणजे वर्गातील प्रकल्पाच्या वहीत चित्र चिकटवले तर अडचण नाही. तेच चित्र दिनदर्शिकेवर छापून विकायचे असेल, तर परवानगी हवी.

बोधचिन्हाचे काय?

एखाद्या देवस्थानाचे किंवा संस्थेचे बोधचिन्ह व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले असू शकते. हा संरक्षणाचा दुसरा प्रकार आहे. आपली वस्तू त्या संस्थेची आहे असा समज होईल, अशा रीतीने ते वापरता येत नाही. पण या हक्कालाही मर्यादा आहे. अगरबत्ती व सुगंधी वस्तूंसाठी 'रामायण' हे नाव एकट्याचे व्यापारचिन्ह म्हणून मिळावे, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणा एकाला असा मक्ता सांगता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने २०१५ साली दिला. कोणत्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हांची नोंदणी करण्यासही व्यापारचिन्ह कायद्यात मनाई आहे.

तेव्हा चित्र उचलण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. हे केवळ परंपरागत चिन्ह आहे, की कोणाची कलाकृती? कलाकृती असेल, तर तिच्यावरील हक्काची मुदत संपली आहे का? आणि मला ती शिकण्यासाठी हवी आहे, की विकण्यासाठी?

करून पाहा : घरातील जुन्या तसबिरी व दिनदर्शिका काढा. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चित्रकाराचे नाव सापडते का, ते पाहा. एखादा चित्रकार १९८० साली वारला असेल, तर त्याचा हक्क कोणत्या वर्षाअखेर संपेल? (उत्तर : २०४०) आणि यंदाच्या नवरात्रात फलकासाठी गावातल्याच एखाद्या मुलीकडून किंवा मुलाकडून नवे चित्र काढून घ्या. खाली तिचे किंवा त्याचे नाव घालायला मात्र विसरू नका.