आभाळातला चकवा

रात्री घरी निघालेला माणूस ओळखीच्याच रानात गरागरा फिरत राहिला, की कोकणात म्हणतात, त्याला चकवा लागला. विमानालाही चकवा लागतो! हजारो मैल अचूक कापून आल्यावर, शेवटच्या चार-पाच मैलांत. आणि अशा चकव्याची एक गाजलेली जागा आपल्या मुंबईतच आहे. जुहू.

15 जुलै 1953. बीओएसी कंपनीचं कॉमेट मुंबईवर आलं. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान, त्या काळचं नवल. त्याला उतरायचं होतं सांताक्रूझला, उतरलं ते जुहूला. जुहूची धावपट्टी लहानखुऱ्या विमानांसाठीची. 1932 साली जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल आणलं, ते याच जुहूवर, चिमुकल्या पुस मॉथ विमानातून. तिथं अख्खं जेट येऊन टेकलं!

बरं, एकदा झालं म्हणून सुटलं नाही. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-8 लंडनहून टोकियोकडे निघालं होतं, वाटेत मुंबईचा थांबा होता. तेही सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. जुहूची धावपट्टी साधारण 1,140 मीटर, सांताक्रूझची मुख्य धावपट्टी आज जवळपास 3,450. चार इंजिनांचं ते धूड थांबणार कुठं? धावपट्टी संपली आणि विमान पुढं गेलं. जीव कुणाचाही गेला नाही, हे ऐकलं की आजही हायसं वाटतं.

इतके मुरलेले वैमानिक फसतात कसे? पहिला चोर वारा. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं, म्हणून धावपट्टी वाऱ्याची दिशा पाहून बांधतात. शेजारशेजारच्या दोन विमानतळांवर वारा तोच असतो, त्यामुळे त्यांच्या धावपट्ट्याही बहुतेक एकाच रोखानं आखलेल्या असतात. धावपट्टीवरचा मोठा आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, जवळच्या दहापर्यंत धरून, शेवटचं शून्य गाळून. 270 अंश असेल तर 27. सांताक्रूझचे आकडे 09 आणि 27, जुहूचे 08 आणि 26. जुळ्या बहिणीच म्हणा ना.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत रंजक वाटते. हे किस्से नकाशावर मांडून पाहिले, तर चुकीचा विमानतळ बहुतेक वेळा वाटेत आधी लागतो! समुद्राकडून मुंबईत येताना आधी जुहू, मग सांताक्रूझ. वैमानिकाची नजर धावपट्टी शोधत असते. अपेक्षित दिशेला, अपेक्षित वेळेच्या जरा आधी, एक पट्टी दिसते. मन म्हणतं, हीच ती. त्यानं नियंत्रण कक्षाला ‘रनवे इन साइट’ कळवलं आणि नजरेच्या भरवशावर उतरायची परवानगी मिळाली, की पुढची जबाबदारी त्याच्या डोळ्यांवर. समोरचं यंत्र वेगळं काही सांगत असलं, तरी दिसलेल्या धावपट्टीवरून नजर हलवणं जिवावर येतं.

अमेरिकेत तर दीड वर्षात असे तीन मोठे चकवे लागले. जुलै 2012 मध्ये हवाई दलाचं अवाढव्य सी-17 फ्लोरिडात टॅम्पाजवळच्या मॅकडिल तळावर उतरणार होतं. ते भरदिवसा अलीकडच्याच पीटर ओ. नाइट या छोट्या विमानतळावर उतरलं. धावपट्टी जेमतेम 3,500 फुटांची. आत बसले होते जनरल जेम्स मॅटिस, पुढं अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले ते.

20 नोव्हेंबर 2013 ची रात्र मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. बोइंगचं ड्रीमलिफ्टर हे 747 चं पोट फुगवलेलं रूप. दुसऱ्या विमानांचे सांगाडे पोटात घालून नेणारं. न्यूयॉर्कहून ते कॅन्ससमधल्या विचिटाला, मॅकॉनेल हवाई तळावर निघालं होतं. विचिटा हे विमानं बनवणाऱ्यांचं गाव, तिथं धावपट्ट्यांना तोटा नाही. उत्तरेकडून येताना वाटेत आधी जबारा नावाचा विमानतळ लागतो. विमान तिथंच टेकलं! सुमारे 6,100 फुटांच्या पट्टीवर. तिथं दिव्यातही एक खूण असते. अमेरिकेत नागरी विमानतळाचा फिरता दिवा एकदा पांढरा, एकदा हिरवा चमकतो. सैनिकी तळाचा लागोपाठ दोनदा पांढरा, मग हिरवा. पण मनानं एकदा कौल दिला की डोळे मोजदाद करत नाहीत.

आणि उतरल्यावर? आपण नेमके कुठं आहोत, हेच कॉकपिटमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. आधी त्यांना वाटलं, हा बीच कंपनीच्या कारखान्याचा विमानतळ असावा. मग मॅकॉनेलच्या नियंत्रकाशी बोलत, नकाशे चाळत ते जबारापर्यंत पोहोचले. त्या मंडळींच्या पोटात तेव्हा केवढा गोळा आला असेल!

दोन महिन्यांच्या आत, 12 जानेवारी 2014 ला साउथवेस्ट विमान कंपनीचं 737 सव्वाशेच्या आसपास प्रवासी घेऊन शिकागोहून मिझुरीतल्या ब्रॅन्सनला निघालं आणि अलीकडच्या छोट्या विमानतळावर उतरलं. 7,140 फुटांच्या जागी 3,738 फूट! वैमानिकांनी ब्रेक करकचून दाबले म्हणून निभावलं, कारण पट्टीपलीकडे उतार आणि खाली रस्ता.

इतर देशांतही हेच. मार्च 2006 मध्ये लिव्हरपूलहून उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला निघालेलं एअरबस उतरलं बॅलिकेलीच्या लष्करी तळावर. त्या तळाची खासियत अशी, की तिथल्या धावपट्टीवरून चक्क रेल्वेचे रूळ जातात. डिसेंबर 2013 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं 767 किलिमांजारोऐवजी टांझानियातल्याच अरुशाच्या आखूड पट्टीवर उतरलं आणि तिच्या कडेच्या गवतात रुतलं. त्याच कंपनीचं मालवाहू विमान एप्रिल 2021 मध्ये झांबियातल्या एन्डोलाला गेलं, ते अजून बांधून पूर्ण न झालेल्या नव्या विमानतळावर. आपलं एअर इंडियाचं विमानही सप्टेंबर 2018 मध्ये तिरुअनंतपुरमहून मालेला गेलं आणि तिथल्या बांधकाम चालू असलेल्या धावपट्टीवर उतरलं.

यावर उपाय? लंडननं काढलेला मला फार आवडतो. 1960 साली पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टला उतरलं होतं. दोन्हीकडे येताना वाटेत गॅसची एकेक भलीमोठी टाकी दिसे, आणि वैमानिक तिच्याच खुणेवर वळत. मग त्या टाक्यांवर प्रचंड अक्षरं रंगवली. साउथॉलच्या टाकीवर ‘एलएच’, म्हणजे लंडन हीथ्रो. साउथ हॅरोच्या टाकीवर ‘एनओ’, म्हणजे नॉर्थोल्ट. रंगाचे डबे आणि ब्रश, बस्स! अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं 2014 मध्ये सुचवलेला उपायही असाच साधा आहे. वाटेतले फसवे विमानतळ मागं पडेपर्यंत नियंत्रकानं उतरण्याची परवानगीच देऊ नये.

राहिला एक प्रश्न. चुकून आखूड धावपट्टीवर बसलेलं धूड बाहेर काढायचं कसं? वजन कमी करून. प्रवासी आणि सामान उतरवायचं, इंधन पुढच्या टप्प्यापुरतंच ठेवायचं आणि पट्टीच्या अगदी टोकापासून धाव घ्यायची. सी-17 त्याच दिवशी उडालं. ड्रीमलिफ्टर दुसऱ्या दिवशी, बघ्यांच्या गर्दीसमोर. जुहूवरून कॉमेट नऊ दिवसांनी उडालं. जपानचं डीसी-8 मात्र तिथून पुन्हा कधीच उडालं नाही.